जरा टेका! धावपळीच्या दिवसात विश्रांतीला जागा कशी करायची



लखनौच्या विकास नगरमधून मी तुमच्याशी बोलतेय. आजचा विषय आहे विश्रांती. घर, नोकरी, मुलांच्या परीक्षा, म्हाताऱ्या माणसांची औषधं, हे सगळं सांभाळताना स्वतःकडे कसं लक्ष द्यायचं, याच्या काही सोप्या रीती आज बघू. विषय साधा वाटतो, पण मला तो फार उशिरा कळला. कसा कळला ते आधी सांगते.

मे महिन्यातला मंगळवार होता. आमच्याकडे उत्तरेत महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, म्हणून इथला ज्येष्ठ आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो. या ज्येष्ठातल्या मंगळवारांना लखनौत ‘बड़ा मंगल’ म्हणतात. अलीगंजचं जुनं हनुमान मंदिर आमच्या शेजारच्याच भागात आहे, त्यामुळे त्या दिवशी आमच्याकडे रस्तोरस्ती मांडव असतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून पुरी-भाजी, बुंदी, गार सरबत देतात. मी अर्धा दिवस रजा टाकून सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायला घरी निघाले होते. बाहेर लू चाललेली. एका मांडवापाशी शाळकरी मुलानं सरबताचा ग्लास पुढे केला. मी गाडी चालूच ठेवून, एक पाय टेकवून तो घेतला. मुलगा म्हणाला, “आंटी, गाड़ी बंद कर दीजिए। दो मिनट बैठकर पीजिए।”

मी बसले. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, कापडाच्या सावलीत. आणि तेव्हा लक्षात आलं की माझे दात घट्ट आवळलेले आहेत, खांदे कानांपर्यंत चढलेत आणि ग्लास धरलेला हात थरथरतोय. काहीही न करता मी याआधी कधी बसले होते, तेही आठवेना. डोळ्यांत पाणी आलं. त्या मुलाला वाटलं, उन्हाचा त्रास झाला.

दोन दिवसांनी रक्तदाब मोजला, १५० वर ९६ निघाला. आठवड्यानं पुन्हा मोजला, तेवढाच. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि विचारलं, “दिवसभरात बसता केव्हा?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढे मी जे शिकले ते आज सांगणार आहे. त्यात खर्चाचं काही नाही.

थकवा गेला नाही, म्हणजे विश्रांती झालीच नाही

आपण म्हणतो, “रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास मोबाइल बघते, तीच माझी विश्रांती.” मीही हेच म्हणायचे. पण त्या अर्ध्या तासात शरीर काय करत असतं ते बघा. एक व्हिडिओ हसवतो, दुसरा घाबरवतो, तिसऱ्यात कुणाचं तरी नवं स्वयंपाकघर दिसतं. मध्येच ऑफिसच्या गटावर निरोप येतो. मान वाकलेली, डोळे ताणलेले. आपण बसलेलो असतो, पण शरीराला ते कळलेलं नसतं.

आपल्या शरीरात मज्जासंस्थेचे दोन भाग आपोआप काम करत असतात. एक भाग धावपळीचा. कुत्रा अंगावर आला, साहेब ओरडले, दूध उतू जायला लागलं, की हा भाग जागा होतो. हृदय जोरात धडधडतं, श्वास उथळ होतो, स्नायू आवळतात, पचन मागे पडतं. दुसरा भाग सावरण्याचा. तो जागा असला की हृदयाचा वेग उतरतो, तोंडाला पाणी सुटतं, अन्न पचतं, झोप लागते. दोन्ही भाग गरजेचे आहेत. अडचण एवढीच, की पूर्वी कुत्रा निघून गेला की धावपळ संपायची. आता आपला ‘कुत्रा’ खिशात असतो आणि दिवसभर वाजत राहतो. त्यामुळे सावरण्याच्या भागाची पाळी येतच नाही.

म्हणून विश्रांतीची माझी व्याख्या साधी आहे. ज्यानं शरीराला “आता धावायचं नाही” असा निरोप जातो, ती विश्रांती. हा निरोप पाठवण्याचे दोन-तीन रस्ते आपल्या हातात आहेत.

पहिला रस्ता: सोडलेला श्वास

हृदयाचा वेग आपण हुकूम देऊन कमी करू शकत नाही. पण श्वास आपल्या ताब्यात आहे, आणि हृदय श्वासाचं ऐकतं. श्वास घेताना हृदय किंचित जलद होतं, सोडताना किंचित मंद होतं. म्हणजे श्वास सोडायला जास्त वेळ घेतला, की सावरण्याच्या भागाला बळ मिळतं.

हे प्रयोगशाळेत तपासून बघण्याचं काम आपल्या महाराष्ट्रात फार लवकर सुरू झालं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं. आसनं आणि प्राणायाम करताना शरीरात नेमकं काय घडतं, ते त्यांनी क्ष-किरण आणि मोजमापाची यंत्रं लावून पाहिलं आणि ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून मांडलं. योगाकडे नुसत्या श्रद्धेनं न बघता मोजून बघायचं, ही त्यांची दृष्टी.

आपल्याला रोजच्यासाठी एवढंच पुरे: पाठ टेकून बसा. मनात चार आकडे मोजत नाकानं श्वास घ्या, सहा आकडे मोजत सोडा. एक श्वास दहा सेकंदांचा झाला, म्हणजे मिनिटाला सहा. एरवी आपले बारा ते वीस होतात. असं पाच मिनिटं करा. श्वास रोखायचा नाही, जोर लावायचा नाही. चक्कर आल्यासारखं वाटलं तर थांबा आणि नेहमीसारखा श्वास घ्या. दमा, हृदयविकार असेल किंवा दिवस गेले असतील, तर डॉक्टरांना विचारून करा.

मोजायचा कंटाळा येत असेल, तर गुणगुणा. लांब सूर लावायचा म्हणजे श्वास हळूहळू सोडावाच लागतो. आमच्या लखनौत हे सांगायला मला विशेष आवडतं. मुंबईचे वकील पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकारानं १९२६ साली इथे मॅरिस कॉलेज ऑफ हिंदुस्थानी म्युझिक सुरू झालं. तेच आज कैसरबागेतलं भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय. श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांनी ते अनेक वर्षं सांभाळलं. गाणं शिकणारे पहाटे खालच्या सप्तकात लांब सूर लावतात, त्याला खर्ज भरणं म्हणतात. ते गळ्यासाठी असतं. पण आपल्यासारख्या बेसूर माणसानंसुद्धा भाजी चिरताना एखादा लांब ‘सा’ धरला, तर श्वास आपसूक लांबतो. माझा मुलगा म्हणतो, “आई, कुकर परवडला.” मी गात राहते.

दुसरा रस्ता: आवळलेले स्नायू सोडणं

त्या दिवशी मांडवात माझे दात आवळलेले होते, आणि ते मला माहीतच नव्हतं. अमेरिकेतले डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी नेमकं हेच पकडलं होतं. ताणाखाली असलेल्या माणसाचे स्नायू सतत आवळलेले असतात, आणि ते सैल करणं शिकता येतं, असं त्यांनी १९२९ च्या आपल्या पुस्तकात मांडलं. त्यातून आलेली रीत आजही जगभर शिकवतात.

रीत अशी. झोपण्याआधी अंथरुणावर पडा. पायांची बोटं पाच सेकंद घट्ट आवळा, मग एकदम सोडा आणि दहा-पंधरा सेकंद तो सैलपणा नुसता अनुभवा. मग पोटऱ्या, मांड्या, पोट, हाताच्या मुठी, खांदे, जबडा, कपाळ. पायांपासून कपाळापर्यंत पोहोचायला सुमारे दहा मिनिटं लागतात. पुष्कळदा जबड्यापर्यंत पोहोचायच्या आतच झोप लागते. जिथे दुखापत असेल तो भाग आवळू नका.

दिवसा एवढा वेळ नसतो. तेव्हा फक्त तीन जागा तपासा: जबडा, खांदे, मुठी. ओट्याशी उभं असताना, सिग्नलला थांबल्यावर, कॉम्प्युटरसमोर. वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेले असतील तर सोडा. खांदे वर असतील तर खाली आणा. मी कुकरच्या प्रत्येक शिट्टीला हे करते. दिवसाला सात-आठ वेळा आठवण होते, आणि वेगळा गजर लावावा लागत नाही.

वेळ कुठून आणायचा? दिवसाच्या सांध्यांमधून

“वेळच नाही” हे खरंच आहे. म्हणून नवा तास शोधू नका. दिवसाला सांधे असतात, तिथे बघा. एक काम संपून दुसरं सुरू होतं ती जागा म्हणजे सांधा. आपण तो बुजवून टाकतो. गाडी लावता लावता फोन काढतो, चपला काढता काढता कणीक आठवतो.

माझे तीन सांधे सांगते.

पहिला, गाडी बंद केल्यावर. ऑफिसातून आले की गाडी लावून मी तिच्यावरच एक मिनिट बसते. सहा श्वास. मग जिना चढते. घरच्यांना ऑफिसचा राग मिळत नाही, हा त्यातला मोठा फायदा.

दुसरा, हातपाय धुणं. आपल्या आजी-पणज्या बाहेरून आलेल्याला आधी हातपाय धुवायला लावायच्या. स्वच्छता तर होतीच, पण “बाहेरचं बाहेर राहिलं” हेही त्यातून शरीराला कळायचं. थंड पाणी, कोरडा पंचा, घरचे कपडे. जे घरूनच काम करतात, त्यांना तर हा सांधा फार उपयोगी. कॉम्प्युटर बंद केला की उठून हातपाय धुवा आणि कपडे बदला. नाहीतर ऑफिस संपलं हे कळतच नाही.

तिसरा, दिवेलागण. देवापाशी दिवा लावा किंवा नुसता घरातला दिवा लावा, तुमच्या घरची रीत असेल तसं. त्या वेळी दहा मिनिटं घरातले सगळे फोन एका जागी ठेवायचे. आमच्याकडे ते फ्रिजवर ठेवतात. सुरुवातीला सगळ्यांची चुळबूळ व्हायची. आता त्या दहा मिनिटांत सासूबाई त्यांच्या लहानपणच्या गोष्टी सांगतात.

आणि एक छोटं पथ्य: चहा बसून प्यायचा. उभ्यानं, ओट्याशी, गार झालेला नाही. चहा होतोच, पाच मिनिटं लागतातच. फक्त खुर्ची ओढून घ्यायची.

चालणं, ऊन आणि झोप

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. दिवसाला साधारण २२ मिनिटं झाली. झपाझप चालणं त्यात येतं, आणि ते तुकड्यातुकड्यानंही चालतं. भाजीला चालत जाणं, फोनवर बोलताना गच्चीवर फेऱ्या मारणं, सगळं धरा.

वेळ मात्र आपापल्या गावाच्या हवेप्रमाणे निवडा. लखनौत मे-जूनमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा चालायचं ते पहाटेच. जानेवारीत पहाटे दाट धुकं असतं, तेव्हा इथली माणसं अकरा-बाराच्या उन्हात गच्चीवर बसतात. मटार सोलतात, संत्री खातात, विणकाम करतात. सुरुवातीला मला तो आळस वाटायचा. आता मीही सुट्टीच्या दिवशी मटारची टोपली घेऊन वर जाते. नागपूरकरांनी, मुंबईकरांनी, बेळगावकरांनी आपापलं ऊन-सावलीचं वेळापत्रक असंच ठरवावं.

झोपेचं तर आपण सगळ्यात आधी कापतो. मोठ्या माणसाला रात्री किमान सात तास झोप हवी. त्यासाठी दोन गोष्टी. उठायची वेळ रोज तीच ठेवा, रविवारीसुद्धा, फार तर अर्धा-एक तास इकडेतिकडे. शरीराचं घड्याळ उठण्याच्या वेळेवर आणि सकाळच्या उजेडावर लागतं. दुसरं, संध्याकाळचा चहा-कॉफी आवरा. आपल्याला दिवसभर जो दमल्याचा निरोप मेंदूत साठत जातो, तो कॅफीन काही काळ अडवून धरतं. घेतलेल्या कॅफीनमधलं निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे सहाच्या चहातलं निम्मं रात्री अकरालाही अंगात असतं. माझा सहाचा चहा आता चारला होतो.

हा वेळ कुणाचा?

आता जे बोलणार आहे ते थोडं अवघड आहे. वर सांगितलेलं सगळं मी पहिल्या महिन्यात करून पाहिलं आणि मोडलं. कारण मी पाच मिनिटं डोळे मिटून बसले, की हाक यायची. “अगं, माझा चष्मा कुठे?” “आई, डबा?” श्वास मोजता मोजता मी भांडी मोजायला लागायची. बसणं म्हणजे कामचुकारपणा, असं कुणी बोलायचं नाही, पण मला आतून वाटायचं.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली देशभर वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं. घरकाम करणाऱ्या बायका त्या कामाला दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात, आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं, असं त्यात दिसलं. त्यातही घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरातले जेमतेम सव्वीस निघाले, बायका एक्याऐंशी. हा आकडा मी जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवला. भांडायला नाही. आमच्या घरचा आकडा काय, ते मोजूया म्हणाले. आठवडाभर फ्रिजवर कागद लावला. ज्यानं काम केलं त्यानं मिनिटं लिहायची.

आठवड्यानं कागद बघून आमचे अहो बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “रात्रीचा ओटा आणि दुसऱ्या दिवशीची भाजी निवडणं माझ्याकडे.” मुलानं आपला डबा स्वतः भरायचं कबूल केलं. पहिले पंधरा दिवस ओटा चिकट राहायचा. मी तो मागून पुसायचा नाही, एवढंच ठरवलं होतं. तेच सगळ्यात कठीण गेलं, खरं सांगते.

पुरुषांनाही सांगते, हे तुमच्यासाठीही आहे. नोकरीच्या गावी एकटे राहणारे, दोन-दोन तास प्रवास करणारे, घरी काही न बोलणारे कितीतरी जण आहेत. “मला दमायला झालंय” हे वाक्य तुम्हीही घरात म्हणायला हवं. ते ऐकलं की घरच्यांना मदत करता येते.

विश्रांतीनं भागत नाही तेव्हा

एक गोष्ट स्पष्ट सांगते. श्वासाचा सराव सुरू केला म्हणून मी रक्तदाबाची गोळी सोडली नाही, तुम्हीही सोडू नका. पुरेशी झोप होऊनही सतत थकवा असेल, तर तो नुसता ताण असेलच असं नाही. रक्त कमी असणं, थायरॉइड, मधुमेह यांनीही थकवा येतो. साध्या रक्ततपासणीत ते कळतं.

तसंच, दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास आहे, आवडीच्या गोष्टी नकोशा झाल्यात, झोप आणि भूक बिघडलीय, जगणं नको वाटतंय, असं असेल तर चालण्या-फिरण्यावर सोडून देऊ नका. डॉक्टरांना भेटा. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. परराज्यात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना मनातलं आपल्या भाषेत सांगता येणं ही लहान गोष्ट नाही.

शेवटी, पाटावर कोण बसतं?

दिवाळीतलं अभ्यंगस्नान आठवा. नरक चतुर्दशीच्या पहाटे आई उठते, पाणी तापवते, पाट मांडते, रांगोळी काढते. एकेकाला बसवून तेल लावते, उटणं लावते. मुलं झाली, नवरा झाला, सासरे झाले. मग आई कधी न्हाली, हे कुणाला आठवतं का? माझी आई न्हाणीघरात घाईनं दोन तांबे घेऊन बाहेर यायची आणि फराळाची ताटं मांडायची. तिच्या पाठीला तेल लावलेलं मी एकदाही पाहिलेलं नाही. मीही सतरा वर्षं इथे तेच केलं.

गेल्या दिवाळीला आमच्या विकास नगरच्या घरात सासूबाई आधी उठल्या. मला म्हणाल्या, “तू बस पाटावर.” मी म्हटलं, “अहो आई, आधी मुलाचं…” “तो थांबेल,” म्हणाल्या. त्यांचे हात आता थरथरतात. डोळ्यांनी नीट दिसत नाही, कोमट तेल थोडं जमिनीवर सांडलं. पण त्यांनी माझे खांदे दाबले तेव्हा ते खाली आले. अगदी खाली.

तर मंडळी, या आठवड्यात एकच करा. दिवसातला एक सांधा निवडा आणि तिथे दोन मिनिटं टेका. दुसरं काही जमलं नाही तरी चालेल. आणि घरात ज्यानं कधीच टेकलेलं तुम्ही पाहिलं नाही, त्याला किंवा तिला हाताला धरून बसवा. चहा तुम्ही करा.

पुढच्या भागात भेटूच. सांभाळून राहा.